चारही बोल्ट सारखेच ढिले

“तो घेऊ नका.”

हत्यारांच्या दुकानात माझ्या हातात चांगला हातभर लांब टॉर्क पाना होता, ठरवलेला जोर लागला की टिक् करणारा, आणि हे सांगणारा माणूस दुकानदार नव्हता. काउंटरच्या टोकाला एक छोटं यंत्र मांडून तो दुकानातलेच पाने तपासत बसला होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि दोन्ही अगदी सारख्या! अशा माणसांचा मला उगाचच राग येतो.

“का? तुम्हाला हवाय?” मी विचारलं.

“मला नको. पण तुम्हाला कशासाठी हवाय?”

“सायकलच्या कार्बनच्या हँडलसाठी. पाच न्यूटन-मीटर. आणि ह्याच्यावर पाच लिहिलंय. वाचता येतं मला.”

“लिहिलंय ना. पाच ते पन्नास. म्हणजे तुमचं पाच पार काठावर आलं. पाना मधल्या भागात खरं बोलतो, काठावर नुसतं अंदाजे. पोत्यांच्या काट्यावर अंगठी तोलायला गेल्यासारखं होईल.”

दुकानदारकाका हसले. “ऐक त्यांचं. मोजमापाच्या प्रयोगशाळेतले आहेत. आपल्याकडचा प्रत्येक पाना त्यांच्या हाताखालून जातो.”

एरवी मी ऐकलं नसतं. पण माझ्यावर वेळच तशी आली होती. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यात मी काम करते. ताई सायकलच्या शर्यतींत उतरते. तिचं नवंकोरं कार्बनचं हँडल बसवताना मी नेहमीच्या जोरात आवळलं आणि ते तडकलं. बरं, दुकानातच तडकलं म्हणून निभावलं. बाबा मला ‘पैलवान’ म्हणतात ते काही उगाच नाही. पण ताई चिडली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, “या वेळी दुसऱ्या कुणाकडून बसवून घेऊ का गं?” ओरडली असती तर परवडलं असतं हो! तिच्या पहिल्या सायकलपासून माझ्याशिवाय तिच्या सायकलला कुणी हात लावलेला नाही. शेवटी मी तिच्याकडून एक संधी मागून घेतली होती. एकच.

“साध्या पान्यानं, अंदाजानं, पाच करून दाखवता?” त्यानं यंत्र माझ्याकडे सरकवलं.

मी आवळलं. काट्यानं नऊ दाखवले. काकांना एकदम खोकला आला. माझे कान तापले.

“हात भक्कम आहे,” तो म्हणाला.

“हे कौतुक आहे की टोमणा?”

“मोजमाप आहे,” असं म्हणून तो पहिल्यांदाच हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. चला, निदान काहीतरी दोन्हीकडे सारखं नव्हतं!

मग त्यानं दोन छोटे पाने काढले, दोन्ही एक ते दहाचे. पहिला चकचकीत होता. तो पाचवर लावून तीनदा ओढला, तर तिन्ही वेळा वेगळा आकडा. दुसरा दिसायला अगदी साधा, पण तिन्ही वेळा पाचच.

“हा घ्या. दर वेळी तेच सांगतो. असा भरवशाचा...”

“माणूससुद्धा सापडत नाही, असंच ना?”

“मी पान्याबद्दल बोलत होतो,” तो म्हणाला, आणि आता त्याचे कान लाल झाले.

त्यानं माझ्या हातात पाना देऊन पकडायचं कसं ते दाखवलं. मुठीच्या मधोमध धरायचं, सावकाश ओढायचं. इतक्या कमी जोराला टिक् मोठ्यानं ऐकू येत नाही, ती बोटांना कळते. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहत नाही. आणि पडला, तर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. बोलताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं, ते त्यानं चटका बसल्यासारखं मागे घेतलं. इतकं काही तापलेलं नव्हतं माझं बोट!

काही दिवसांनी स्वारी आमच्या दुकानात हजर. “पाना नीट चालतोय का, बघायला आलो.”

मी ऐटीत एका गिऱ्हाइकाचं हँडल आवळून दाखवलं. टिक्. आणि सवयीनं परत एकदा... टिक्.

“दुसरी कशाला?”

“खात्रीसाठी.”

“खात्री पहिल्या टिक् लाच झाली. दुसरीनं बोल्ट फक्त जास्त आवळला जातो. तुमचा पान्यावर विश्वास नाही, बाकी काही नाही.”

राग आला. पण रात्री जेवताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. बरोबर होतं ना. मी कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघते.

त्यानंतर त्याची सायकल दर आठवड्याला बिघडायला लागली. बिघाडही ठरलेला, हँडलचे चार बोल्ट ढिले. मी आवळायची, तो स्टुलावर बसून चहा घ्यायचा, बाबांशी गप्पा मारायचा आणि बघायचा मात्र माझ्याकडे. मी वर पाहिलं की लगेच भिंतीवरच्या टायरांकडे बघायचा. तो येणार त्या दिवशी मी केस नीट बांधायला लागले होते, हे ताईनं बरोब्बर हेरलं.

“काय गं, आज तुझा तो टिक् येणार वाटतं?”

“गप गं! गिऱ्हाईक आहे ते.”

बाबा पंक्चर काढता काढता म्हणाले, “पैलवान, तू आवळलेले बोल्ट आजवर कधी ढिले झाले होते का? मग याचेच कसे होतात?”

हे काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला बोल्टला हात लावण्याआधी मी पाना दोनवर लावून बघितला. टिक् झाली, बोल्ट जागचा हलला नाही. आकडा जरा वर नेला, तर बोल्ट फिरला. दुसरा बोल्ट... तेच. तिसरा, चौथा... तेच! आता, हादऱ्यांनी ढिले झालेले बोल्ट एक कमी, एक जास्त असे असतात. चारच्या चार बरोब्बर दोनवर? हे काम एकाच माणसाचं. ढिलं करतानासुद्धा मोजून करणाऱ्याचं!

खरं तर हसू यायला हवं होतं. पण आलं ते भलतंच.

“हे तुम्ही मुद्दाम ढिले केलेत? आणि असं हँडल घेऊन सायकल चालवत आलात? पडला असतात म्हणजे? डोकं फुटलं असतं म्हणजे?”

तो उभा राहिला. “अहो, ऐका तरी...”

“काही ऐकायचं नाही मला! लोकांचा जीव जाऊ नये म्हणून बोल्ट आवळतो आम्ही, आणि तुम्ही... निघा आधी!”

तो गेला. आवळायचं राहिलेलं हँडल तसंच धरून, सायकल हातात घेऊन, चालत. मग पुढचा आठवडा कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. स्टूल मोकळं बघून मला रडू यायचं आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग यायचा. मला तो आवडत होता, आणि मीच त्याला हाकलून दिलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ताईचं नवं हँडल आलं. ते बसवायला घेतलं, आणि माझ्या हातून पाना निसटून थेट फरशीवर. खण्णकन! मी तो उचलून उलटसुलट करून पाहिला. दिसायला धड होता. पण आता तो खरं बोलतोय की खोटं, हे कळणार कसं? बाहेर रिमझिम लागली होती. ताईनं माझा रेनकोट पुढे केला. “जा. राग नंतर.”

प्रयोगशाळेत तो एकटाच होता. मला दारात बघून त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

“पाना पडला,” मी म्हटलं. “उद्या ताईची शर्यत आहे.”

त्यानं कप ठेवून पाना यंत्राला लावला, ओढला. पाचच्या जागी साडेसहा. तसाच वापरला असता तर हँडल परत तडकलं असतं, आणि या वेळी रस्त्यात. त्यानं पाना खोलला, सावकाश जुळवला, परत ओढला. पाच. पाच. पाच.

“घ्या. आता विश्वास ठेवा याच्यावर.” मग खाली बघत म्हणाला, “त्या दिवशी सांगू दिलं नाहीत. मी ढिल्या हँडलवर कधी बसलो नाही. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत यायचो, तिथे बोल्ट ढिले करायचो आणि तिथून सायकल हातात धरून चालत यायचो.”

कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या बाजूला उभं राहून, मोजून मोजून स्वतःचीच सायकल बिघडवणारा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला एवढं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. “अहो, नुसतं यायचं होतं ना!”

“कारणाशिवाय... कसं येणार?”

घरी आल्यावर मी हँडल बसवलं. एकाआड एक, चारही बोल्ट. टिक्. टिक्. टिक्. टिक्. माझा हात सवयीनं परत पहिल्या बोल्टकडे गेला... आणि मी तो मागे घेतला.

“अजून एकदा नाही आवळणार?” ताईनं विचारलं.

“नाही. झालंय.”

ताईनं सायकल उचलून उद्यासाठी दाराशी लावली.

सकाळी रस्ते ओले होते. शेवटच्या उतारावर खड्डेच खड्डे. तिथे मी जीव मुठीत धरून उभी, आणि शेजारी तो. कारणाशिवाय आलेला. ताई उतारावरून सुसाट खाली आली, हँडल जराही फिरलं नाही. ती तिसरी आली. धापा टाकत, चिखलानं माखलेली, तशीच मला येऊन बिलगली. “पुढच्या वेळीही तूच बसव हं.” माझा जीव भांड्यात पडला. मी भर रस्त्यात रडले.

गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, “एक विचारू? सायकल बिघडलेली नसतानाही... रोज आलो, तर चालेल? म्हणजे... कायमचा?”

“चालेल,” मी म्हटलं.

तो गोंधळला. “खरंच? नक्की ना? परत एकदा सांगशील?”

पहिल्यांदाच ‘अगं-तुगं’वर आला होता. मी त्याचा हात माझ्या भक्कम हातात घेतला. जरा हळूच घेतला, पाचच्या वर जाणार नाही एवढा.

“दुसरी कशाला?”