हकीमसाहेबांचा जहरमोहरा

"अहो, ठेवा तो दगड खाली! चाकू कशाले लावून राह्यले त्याले?"

वाहेदशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. साल एकाहत्तर, चिखलीतला आमचा हकिमी दवाखाना, अब्बा नमाजला गेलेले. पिंपळगाव राजाहून आईचं औषध न्यायला आलेला हा उंच पोरगा आमचा जहरमोहरा खरवडत होता! अब्बांच्या घराण्यात तीन पिढ्या हा हिरवा दगड गुलाबपाण्यात उगाळून देतात, विष उतरायला. आणि या शहाण्याला त्याची परीक्षा घ्यायची होती.

"समुद्राचा तळ हाय हा. माहीत हाय तुमाले?"

"काहीतरीच! लडाखच्या डोंगरातून येते तो."

"तेच तर!" त्याचे डोळे असे चमकले की माझा राग... जाऊ द्या, गेलाच. नागपूरला तो भूगर्भशास्त्र शिकलेला. दोन्ही तळहात एकमेकांकडे सरकवत म्हणाला, "ही आपली जमीन, ही पलीकडची, मधात समुद्र. दोन्ही जवळ आल्या, तसा तळ खाली गडप झाला. पण त्याची एखादी कड खरवडून वर राह्यली, मधातच दाबली गेली. डोंगर उठला, तशी तीही वर चढली."

"तुमी पाह्यलं?"

"आता चाललो पाहाले. सरकारच्या भूगर्भ सर्व्हेत नोकरी लागली, दोन महिन्यांनी लडाखले निघतो."

त्याची बोटं माझ्या बोटांपाशी आली होती. मी खलबत्ता ओढून घेतला... उगाच.

मग त्याच्या आईचं पोट काही बरं होईना. पुडी संपायच्या आत हा हजर!

"दुखते कोणाचं, आईचं की तुमचं?"

"माझंच. पण त्याची पुडी तुमच्याजवळ नाई."

मी लाजून मान खाली घातली, ती अमीरबी फुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, बरोबर हेरली. तिनंच अब्बांकडे विषय काढला.

बोलणी करायला वाहेद आईला घेऊन आला. अब्बा खूश. चार पाहुण्यांसमोर त्यांनी कौतुकानं जहरमोहरा त्याच्या हातात दिला. "बेटा, तू दगडातला जाणकार. सांग बरं सगळ्यांले, जहर उतरते ना यानं?"

पडद्यामागे मी चहाचा ट्रे धरून उभी. मनात म्हटलं, म्हणा ना 'हो'... एकदाच!

त्यानं दगड उजेडात फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "समुद्राचा तळ हाय, हे सांगतो. जहर उतरते, असं मले नाई सांगता येणार."

अब्बांचा आवाज चढला नाही. "माझ्या बापजाद्यांले खोटं ठरवणाऱ्याच्या घरी पोरगी नाई देत मी."

तो निघाला त्या सकाळी फुफीला घेऊन मी एसटी स्टँड गाठलं. तो बसच्या पायरीवर उभा होता.

"एक 'हो' म्हणाले काय जात होतं तुमचं?" मी रडत भांडले.

"काही नाई. पण उद्या तुले काही सांगितलं असतं, तर खरं मानलं असतं तू?"

कंडक्टरनं घंटी मारली. वाहेदचा चेहरा एकदम पडला.

"सलीमा, उतरतो मी. अब्बांची माफी मागतो, म्हणतो उतरते जहर. म्हणू?"

खरंच म्हणाला असता तो! पाय खाली टाकलाच होता त्यानं.

"नका म्हणू," मी म्हटलं. "असेच राहा. म्हणून तर आवडता तुमी मले..."

बस गेली. फुफी मला शहाणी म्हणाली. शहाणी कसली, डोंबलाची! आज पोरं-नातवंडं आहेत, नवरा भला आहे. तरी वाटतं... एकदा खोटं बोलू द्यायला हवं होतं वाहेदला.