गाडीच्या आधी आलेली बाई

या मायबाप, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. माझा घसा आता पूर्वीसारखा राहिला नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हेच. देवाला स्मरून बोलतो : जे पाहिलं त्याला पाहिलं म्हणेन, जे ऐकलं त्याला ऐकलं म्हणेन. ही शिस्त माझी नाही, जिची गोष्ट आहे तिची.

मी रुग्णवाहिका चालवायचो. मागे रुग्णापाशी ताई असायची. ताई म्हणायचो खरा, पण वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. कपाळावर जुन्या जखमेची बारीक रेघ, केस घट्ट बांधलेले, गणवेशाला कायम इस्त्री. केंद्रातली मंडळी तिला 'सावकाश' म्हणायची. धावपळीच्या कामात राहून तिच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. स्ट्रेचर उचलताना सावकाश, जिना उतरताना सावकाश, ऊर बडवणाऱ्या नातेवाइकालाही सावकाश.

"अहो सावकाश, गाडीवर भोंगा कशाला? घुंगरं बांधा!" असं कुणी ओरडलं की ती हसायची. चिडवायची पाळी तिची आली की मला सोडायची नाही. गाडी चालवताना मला पदं गुणगुणायची सवय. मधल्या खिडकीतून ती म्हणायची, "काका, आवरा. पेशंटला वाटेल वर पोचलोच आपण."

तिची कामाची एक रीत होती. रुग्णाला हात लावण्याआधी ती खाली बसायची, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायची आणि म्हणायची, "मी रुग्णवाहिकेतून आलेय. तुम्ही आता एकटे नाही. हात धरते हं." बेशुद्ध माणसालाही हेच. एकदा मी म्हटलं, "ताई, हे तर गेलेत." तर मला म्हणते, "मग? गेलेल्या माणसाला न सांगता हात लावावा, असं कुठे शिकवलंय काका?"

दुसरी रीत रुग्णालयाच्या दारातली. रुग्ण सोपवताना डॉक्टरांना काय सांगायचं, तर डोळ्यांनी पाहिलं तेवढं आणि स्वतःच्या हातांनी केलं तेवढं. अंदाज सांगायचा तर "हा अंदाज आहे" म्हणून सांगायचा. म्हणून तिथले डॉक्टर तिच्या शब्दावर पुढचं इंजेक्शन भरायला घ्यायचे. घरी तिला कुणी नव्हतं. आई होती तोवर आई होती. मला कधीकधी वाटायचं, या बाईच्या पदरात देवाने एवढी एकच गोष्ट घातलीय, लोकांचा विश्वास. तीही बहुधा तेच समजायची.

हा झाला पूर्वरंग.

पहिल्यांदा घडलं ते एका धुलाईच्या दुकानात. भर दुपार. आत वाफेने भिंती घामेजलेल्या, ओल्या कापडाचा आणि जळक्या इस्त्रीचा वास. कामावरची एक बाई चक्कर येऊन पडली होती. आम्ही पोचलो तर ती नीट कुशीवर वळवलेली, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल, गळ्याचं बटण सैल केलेलं. ताई खाली बसली, नेहमीचं वाक्य म्हणाली. त्या बाईने डोळे उघडले.

"पुन्हा तेच काय सांगताय? मघाशी सांगितलंत की."

"मघाशी मी नव्हते, मावशी."

"तुम्हीच होतात. फक्त तेव्हा हात गरम होता तुमचा."

चक्कर आलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. आम्ही हसलो आणि निघालो.

पण मग रंगाच्या दुकानात एक कामगार शिडीवरून पडला. त्याच्या दंडाला आम्ही जायच्या आधीच दाबून पट्टी बांधलेली, रक्त थांबलेलं. मालक माझ्याकडे बोट दाखवून ताईला म्हणाला, "तुम्ही पुढे आलात आणि गाडी आता येतेय? या काकांना लायसन दिलं कुणी?"

रुग्णालयात ताईने सांगितलं, "पट्टी मी बांधलेली नाही. आम्ही पोचलो तेव्हा होती."

डॉक्टर म्हणाले, "पण ही तुमचीच बांधणी आहे. मी ओळखतो."

"दिसते तशी. पण मी बांधलेली नाही."

परत येताना मी म्हणालो, "अहो, आपली म्हणून टाकायची. कुणाचं काय जातंय?"

तिने पट्ट्यांचा डबा नीट लावून ठेवला. मग म्हणाली, "आज न केलेलं केलं म्हटलं काका, तर उद्या केलेलं कोण खरं मानेल?"

त्यानंतर हे अधूनमधून होतच राहिलं. कधी दार आधीच उघडं, कधी रुग्णाच्या पाठीला उशी. लोक सांगायचे, बाई आली होती, एकटीच, गणवेशात. ताई दर वेळी तेच सांगायची : मी नव्हते. डॉक्टरांच्या भुवया वर जाऊ लागल्या. केंद्रातली चेष्टा बंद झाली, आणि मायबाप, चेष्टा बंद होणं फार वाईट. डब्याच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली.

मग ते नकाशे काढणारे गृहस्थ.

निवृत्त होते, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. छातीत दुखू लागलं म्हणून शेजारणीने आम्हाला बोलावलं. वाटेत पुलावर वाहनं अडकून पडली होती. भोंगा कितीही वाजवला तरी सरकायला जागा नाही. ऊन काचेवर तापत होतं. वेळ जाईना म्हणून मी एक पद धरलं आणि मधेच थांबलो. मागून ताईचा आवाज येत होता.

"तुम्ही आता एकटे नाही. हात धरते हं."

गाडीत रुग्ण नव्हता.

"ताई, कुणाशी बोलताय?"

वळून बघावं तर पुढची वाहनं हलू लागलेली. मी गाडी काढली. इमारतीपाशी मागचं दार उघडलं तर ती तिच्या आसनावर, पट्टा लावलेला, मान एका बाजूला पडलेली. गाढ झोपेत. बोलावणं आल्यावर झोपलेली ती मी कधी पाहिली नव्हती. हलवून उठवावं लागलं.

"डोळा लागला हो काका," ती म्हणाली आणि तशीच जिन्याकडे धावली.

शेजारीण वरच्या पायरीवर उभी होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, स्वच्छ बोलणारी बाई. ती ताईला म्हणाली, "आता कशाला धावताय? मुळात उठून जायलाच नको होतं तुम्ही. तुम्ही हात धरून बसला होतात तोवर ते माझ्याशी हसून बोलत होते."

आत ते गृहस्थ भिंतीला टेकून बसलेले होते. सगळं संपलं होतं.

परगावच्या मुलाने तक्रार केली : बाई आली, बसली, रुग्णाला टाकून निघून गेली. चौकशी बसली. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. गाडी कुठे होती हे यंत्रात दिसतच होतं. त्यांनी सोपी वाट काढली. "शेजारीण म्हाताऱ्या आहेत, घाबरल्या होत्या, त्यांचा गोंधळ झाला. एवढं म्हण आणि कामाला लाग."

ताई उभी होती. म्हणाली, "त्यांचा गोंधळ झालेला नाही साहेब. त्या खरं बोलतायत."

"म्हणजे तू गेली होतीस?"

"मी गाडीत होते."

"अगं, दोन्ही कसं खरं असेल?"

"ते मला माहीत नाही. माहीत नाही, एवढंच मी खरं सांगू शकते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लोक आपल्याला थेट आतल्या खोलीत घेतात, ते कशाच्या जोरावर? आपल्या शब्दाच्या. तुझ्या शब्दाचं मी काय करू, सांग." मग माझ्याकडे वळले. "काका, वाटेत ती गाडीत होती? तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही साहेब. मी समोर बघत होतो. आवाज ऐकला."

"काय ऐकलं?"

मी सांगितलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली, बरोबर सांगितलंत म्हणून.

तिला गाडीवरून उतरवलं. साहेबांनी सांगून ठेवलं, शेजारणीबद्दलचं ते एक वाक्य म्हटलंस की त्या दिवशी परत ये. ती काही आली नाही. शेवटी त्यांनीच मला पाठवलं. "तुमचं ऐकेल. समजावा."

दुपारचा गेलो. तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. खोली लख्ख आवरलेली, एक कप, एक ताटली, खुंटीला इस्त्री केलेला गणवेश. ताई खिडकीजवळ खुर्चीत झोपली होती. चेहरा ओढलेला. उठवू नये म्हणून मी दाराशीच स्टुलावर बसलो.

तिचा उजवा हात खुर्चीबाहेर होता. हवेत. झोपलेल्या माणसाचा हात असा अधांतरी राहत नाही.

बोटं अर्धवट वळलेली होती, काहीतरी धरल्यासारखी.

ओठ हलत होते. मी वाकून कान दिला.

"सावकाश," ती म्हणत होती. "सावकाश श्वास घ्या. गाडी येतेय."

खालच्या रस्त्यावरून भोंगा वाजत गेला. आमच्याच केंद्राची गाडी. आवाज लांब गेला, विरला.

मग तिचा हात हळूच खाली आला.

तिने डोळे उघडले. मला बघून दचकलीसुद्धा नाही. हात समोर धरून बघत बसली. मीही पाहिलं. मायबाप, हे मी पाहिलं. तिच्या हाताच्या पाठीवर चार बोटांचे वळ होते, जाड, रुंद, कुणीतरी जिवाच्या आकांताने धरून ठेवावं तसे. आधी पांढरे, मग माझ्या देखत लाल होत गेले.

"सुतार होता," ती म्हणाली. "वाचेल. वेळेवर पोचली गाडी."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "साहेबांचा निरोप घेऊन आलात ना, काका?"

"छे हो. सहज आलो होतो."

तिच्यापुढे मी बोललेलं खोटं तेवढं एकच.

केंद्रात गेलो तर गाडी नुकतीच परतली होती. सुताराच्या दुकानातून एकाला आणून सोडलं होतं. मी साहेबांना जे पाहिलं ते सांगितलं, वळांसकट. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ज्या नजरेने ते ताईकडे बघायचे त्याच नजरेने माझ्याकडे पाहून म्हणाले, "काका, थोडे दिवस रजा घ्या."

ताई परत गाडीवर चढली नाही. मी अधूनमधून जायचो. दर वेळी ती जास्त थकलेली, दर वेळी झोपेत. दोघांत बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा म्हणाली, "कामाचं काही नाही हो काका. पण इतकी वर्षं माझ्या शब्दावर लोक जीव ठेवायचे. आता वाण्याकडे सुट्टे परत मागितले तरी वाटतं, याला खरं वाटेल का."

एका दुपारी खालच्या बिऱ्हाडकरूने आमच्या केंद्राला बोलावलं, तेव्हा चाकावर मीच होतो. ती त्याच खुर्चीत होती. या वेळी झोप नव्हती. नवीन सहायकाने पुढे हात केला, मी त्याला थांबवलं. गुडघे दुखत होते, तरी खाली बसलो, तिच्या डोळ्यांच्या पातळीला आलो.

"ताई, मी रुग्णवाहिकेतून आलोय. तुम्ही एकट्या नाही. हात धरतो हं."

तिची बोटं वळलेली होती. मी माझा हात आत सरकवायला गेलो. आत जागाच नव्हती.

पुढे ऋतू बदलले, केंद्राला नवा रंग लागला. मग एका सकाळी साहेब स्वतःच्याच कचेरीत कोसळले. दार आतून बंद होतं, आम्ही ते फोडलं. साहेब कुशीवर वळवलेले होते, गळ्याचं बटण सैल, डोक्याखाली त्यांचाच कोट घडी करून ठेवलेला. गाडीत त्यांनी माझी बाही ओढली.

"ती आली होती."

"बोलू नका साहेब."

"मी तिला म्हटलं, मला तुझं पटतं. आता पटतं."

"मग? काय म्हणाली?"

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी आलं. "काही नाही. माझी नाडी बघत होती. फार दमलेली दिसत होती हो. मी म्हटलं बस जरा, तर म्हणाली, पुढे अजून कुणीतरी हाक मारतंय."

साहेब वाचले. तिच्या शब्दाबद्दल आता आमच्या केंद्रात कुणी शंका काढत नाही. नवीन मुलं दारात सरळ सांगतात, आम्ही जायच्या आधी त्या येऊन गेल्या होत्या, आणि डॉक्टर मान हलवून पुढचं बघतात.

तर मायबाप, उठण्याआधी एवढं करा. त्या बाईची आठवण ठेवा. तिला कुणी नव्हतं, आपण एवढे जण झालो तरी खूप. देवापुढे हात जोडाल तेव्हा तिच्यासाठी विसावा मागा. पण मनातल्या मनात मागा. हाक मारू नका.

ती येते.