वाचणाऱ्याच्या घड्याळाने

"फादर, चहा!" कार्मेलिनबाईंनी स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा हाक मारली.

"आलो, आलो!" असं म्हणून फादर इनास मच्याडो सोनचाफ्याच्या सावलीतल्या ओट्यावर आणखी ऐसपैस बसले. वय एक्याऐंशी. वसईत त्यांनी चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं, पण गेली अकरा वर्षं एकही विद्यार्थी फिरकला नव्हता. फिरकणार कशाला? प्रत्येकाच्या कानात हरभऱ्याएवढा दुभाष्या बसला होता. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, कानात पडायचं ते मराठीच. फादर आणि त्यांचा ओडिया माळी रोज त्याच्याच भरवशावर यथेच्छ भांडत.

म्हणून चांद्रमोहिमेच्या प्रमुख डॉ. वृंदा निमकर पडद्यावर दिसल्या, तेव्हा फादरांना वाटलं, बाईंचा नंबर चुकला.

"फादर, ग्लेनिस तुस्कानो तुमची विद्यार्थिनी ना?"

"होती. म्हणजे, आहेच. का हो?"

वृंदाबाईंनी भराभर सांगितलं. ग्लेनिस चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या तळावर एकटीच होती. काल तिथे उल्कांचा मारा सुरू झाला, एक तुकडा तळावर आदळला आणि संपर्क तुटला. आता एक जुना, छोटा उपग्रहच काय तो तिच्या डोक्यावरून जातो. एका फेरीत तो जेमतेम अठरा रोमन अक्षरांचा मजकूर उचलतो, मोकळ्या जागा धरून, आणि सहा तासांनी पृथ्वीवर पोचवतो. कोणी, काय, केव्हा केलं, हे सगळं लॅटिनच्या एका क्रियापदात मावतं, म्हणून अशा संकटासाठी लॅटिन वापरायचं हे ग्लेनिसनेच सुचवलं होतं.

मजकूर आला होता: आएर एक्सिबात विवेबाम. दुभाष्याने अर्थ लावला होता: हवा निघून गेली. मी जगले.

"आमच्या समितीला वाटतं, हा शेवटचा निरोप आहे," वृंदाबाई म्हणाल्या. "सुटकेचं यान सहाला सुटायचंय. त्यात दोन माणसं आहेत. ती गेलीच असेल, तर या दोघांना त्या दगडांच्या माऱ्यात कशी पाठवू? मला एवढंच सांगा, अर्थ बरोबर आहे ना?"

"साफ चूक!" फादर उसळले. "अहो, हा अपूर्ण भूतकाळ आहे. 'दार लावलं' म्हटलं की दार लागलं. 'दार लावत होते' म्हटलं की हात अजून कडीवर आहे. हवा निघून गेली नाही, निघत होती. 'गेली' म्हणायला 'एक्सिइत' पुरलं असतं. तिने एक अक्षर जास्त खर्च केलंय!"

"बरं, पण 'जगत होते' म्हणजे आता नाही, असंच ना?"

फादरांचा आवाज एकदम उतरला.

"ते माझं पाप आहे, बाई. ती सतरा वर्षांची असताना मी तिला एक पत्र लिहायला दिलं होतं. तिने लिहिलं 'विवो', मी जगते आहे. मी लाल रेघ मारली आणि एक मार्क कापला. रोमन लोक पत्रात कधीकधी वाचणाऱ्याच्या घड्याळाने लिहीत. पत्र पोचेल तेव्हा आपलं आत्ताचं लिहिणं जुनं झालेलं असणार, म्हणून 'जगते आहे'च्या जागी 'जगत होते'. त्यानंतरही मुद्दाम 'विवो' लिहायची आणि वर भांडायची पोरगी! आणि नेमकं आज माझं ऐकलं."

"म्हणजे ती जिवंत आहे?"

"लिहिताना होती. पुढचं हा शब्द सांगत नाही, आणि मीही खोटं सांगणार नाही. पण निरोपच घ्यायचा असता तर 'विक्सी' होतं. माझं जगून झालं. चार अक्षरं! तिने सात घातली. बाई, संपलं नाही म्हणतेय ती!"

वृंदाबाईंनी पडद्याबाहेर कुणाकडे तरी पाहिलं. "यान जाऊ दे," त्या म्हणाल्या. मग फादरांकडे वळून, "उपग्रह वीस मिनिटांत तिच्याकडे निघेल. उत्तर तुम्हीच द्या."

नियमाप्रमाणे 'वेनिएबामुस' लिहायला हवं होतं, येत होतो. फादरांनी ते लिहिलंही. मग पुन्हा वाचलं. येत होतो, आणि मग काय, परत फिरलो? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच अक्षरांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वेनिमुस'.

"याचा अर्थ?" वृंदाबाईंनी विचारलं.

"येतोय. किंवा आलो. उच्चारात फरक आहे, कागदावर दोन्ही एकच."

चहाचा कप घेऊन कार्मेलिनबाई केव्हाच्या दारात उभ्या होत्या. "म्हणजे तुमच्यासारखंच की," त्या म्हणाल्या. "आलो, आलो ओरडायचं, आणि बूड हलवायचं नाही."

फादरांना हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. तीन वर्षं ती पोर याच ओट्यावर शिकली होती. हे 'आलो' तिनेही रोज ऐकलं होतं. चहा गार होईपर्यंत ते खरं नसायचं, पण फादर उठलेच नाहीत असं कधी झालं नव्हतं.

निरोप सुटला. कार्मेलिनबाई पदराला हात पुसत पडद्यापाशी आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "फादर, वाचेल ना ती?"