काकांच्या मिशा

सुलतान बाजारातल्या फ्रेमवाल्यानं विचारलं, “नाम क्या डालूँ, बेटी?”

“सुभेदार हिम्मतराव,” मी म्हटलं.

शेजारी एक तरुण आजोबांच्या फोटोची काच बदलून घेत होता. त्यानं चटकन मान वर केली. बाबांच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

“हे हिम्मतराव?... पण मिशा?”

“मिशा माझ्या काकांच्या. पेपरात आलेला चेहरा एकनाथकाकांचा होता. ते जिवंत आहेत, गौलीगुड्यात आत्ता दुपारची झोप काढत असतील.”

हे ऐकून लोक हसायचे. तो हसला नाही. एवढ्यासाठीच मी त्याच्याशी आणखी दोन वाक्यं बोलले, आणि तो नामपल्लीच्या एका हिंदी दैनिकात काम करतो हे कळल्यावर थांबले.

“मग तुमच्याशी बोलणं नक्को.”

“हौ, बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण ऊन फार आहे. ताडगोळे खा, मग भांडा की.”

त्याचं नाव पराग. ताडगोळा सोलताना त्याच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता, ऐकत होता. म्हणून मी सांगितलं. मागच्या मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू होती. चार वाजता टीव्हीवर नाव झळकलं, सुभेदार हिम्मतराव शहीद. खाली फोटो काकांचा! बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपला भावाच्या साठीचा फोटो लावला होता, फेटा आणि मिशांसकट. कुणीतरी तो उचलला, बाकीच्यांनी त्याच्याकडून उचलला. काका आईसमोरच पोहे खात बसले होते. म्हणाले, “भामा, मी मेलो की गं!” आई खळखळून हसली. चेहरा खोटा म्हणजे बातमी खोटी, तिनं ठरवून टाकलं. बाबांचा फोन बंद होता, पण तो नेहमीच बंद असे. सहा वाजता दारात दोन अधिकारी आले.

“तो फोटो पहिल्यांदा उचलणारा मला एकदा भेटायला हवा,” मी म्हटलं.

“काय कराल त्याचं?”

“काही नाही. त्याच्याकडे नीट बघीन.”

त्याच्या हातातला ताडगोळा तसाच राहिला.

मला हवी होती फक्त दुरुस्ती. वर्षश्राद्धाआधी एकदा तरी बाबांचा खरा चेहरा छापून यावा, एवढंच आईचं मागणं होतं. आणि काका... नाक्यावरच्या बॅनरवर स्वतःच्या फोटोला हार बघून त्यांनी त्याच आठवड्यात मिशा उतरवल्या. दिवसा बाहेर पडेनात. श्राद्धालाही बसणार नाही म्हणाले. “मला बघून कुणाला हिम्मत आठवणार नाही, तो बॅनर आठवेल.”

पराग म्हणाला, मी बघतो. पुढचे तीन शनिवार आम्ही त्यासाठीच भेटलो. निदान मी घरी तसं सांगत होते.

वर्ष होत आलेल्या बातमीची दुरुस्ती संपादक सहजासहजी छापत नसत. चूक करणाऱ्यानं लेखी कबुली दिली तरच.

“सापडला का तो?” मी दर शनिवारी विचारायची.

“शोधतोय...” असं म्हणून तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या ढिगात वाकायचा. एकदा एक मराठी कादंबरी माझ्यापुढे धरली. “वाचून दाखवा ना. मी वाचायला लागलो की पान उलटेपर्यंत नायिका म्हातारी होते.”

“घरी मराठीच बोलता ना?”

“बोलतो. पण आजीनं वाचायला नाही शिकवलं, भांडायला शिकवलं.”

मी हसले. वर्षभरानंतर इतक्या मोठ्यानं हसले की दुकानदारानं वळून पाहिलं.

चौथ्या शनिवारी फ्रेम तयार झाली. पराग माझ्याआधीच दुकानात आला होता.

“सापडला,” तो म्हणाला आणि कागद पुढे केला.

खाली सही त्याचीच होती.

“दहा मिनिटांत वेबसाइटला फोटो द्या म्हणाले. फेटा, मिशा... मला फौजीच वाटले. घरी एक फोन करून विचारायला हवं होतं. एकच फोन, त्रिवेणी.”

“पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर पुन्हा भेटला असतात?”

“नाही.”

“म्हणून. आणि ही चूक पहिलीहून मोठी आहे... तेही कळतं.” तो समोर उभा राहिला. “तुम्हाला बघायचं होतं ना. बघा.”

मी बघितलं. त्यानं नजर खाली वळवली नाही. मी फ्रेम उचलली आणि निघून आले.

शुक्रवारी बाबा छापून आले. तिसऱ्या पानावर, स्वतःच्या चेहऱ्यानिशी. खाली चार ओळी, चूक कुणाची त्याच्या नावासह. आई बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, हा पराग कोण. मी सगळं सांगितलं.

“ते दोन तास मी हसले होते गं,” ती म्हणाली. “त्याच्यावर राग धरायला गेले की तेच आठवतं. रविवारी जेवायला बोलाव त्याला.”

रविवारी दार काकांनी उघडलं. त्यांच्या वरच्या ओठावर दोन दिवसांचे पांढरे खुंट उगवले होते.

“मला मारणारा तूच का रे?”

“हौ, काका.”

“मग पाय धू आणि पाटावर बस. फोटो काढायचा तर महिनाभर थांब, मिशा येऊ देत.”

मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होते, तेवढ्यात फोन वाजला. बाहेरच्या खोलीतून परागच बोलत होता.

“एका बातमीची खात्री करायची होती... तुम्ही अजून रागावलेल्या आहात?”

“थोडी.”

“आणखी एक बातमी आहे. मला तुम्ही आवडता... ही मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही.”

छातीवर वर्षभर ठेवलेलं काहीतरी कुणी अलगद उचलून घ्यावं तसं झालं. मी खिरीचं पातेलं उचललं.

“आधी जेवा,” मी म्हटलं. “मग विचारा. आई नाही म्हणणार नाही.”

“आणि तुम्ही?”

मी फोन ठेवला आणि त्याच्या वाटीत खीर वाढायला गेले.