चौथा पंप आणि पन्नास माणसं

नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर लाल आकडा आला : नऊ मिनिटं. तेवढ्या वेळात पाणी तळाच्या विद्युत पॅनेलला टेकणार होतं. पॅनेल गेलं की पंप गेले, आणि पंप गेले की अख्खं खोलभवन गेलं.

देवगडच्या किनाऱ्यावरचं खोलभवन म्हणजे उलटी इमारत. गच्ची जमिनीला आणि साठ मजले खाली, समुद्राच्या पातळीखाली. चार पंप अखंड पाझर उपसत, म्हणून माणसं तिथे सुखाने नांदत. आज खंडेनवमी. तळाला पंपांची पूजा होती आणि दोनशे माणसं जमली होती. त्यांत विद्युत अभियंता शर्वरी मयेकरची आईही होती. लेकीच्या यंत्रांना नैवेद्य नको का, म्हणत वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन ती सकाळीच खाली उतरली होती.

पूजेपुरती पाच मिनिटं पंप थांबवायचे, ही दरवर्षीची रीत. नेमकी त्याच पाच मिनिटांत बाहेरची वीज गेली! जनरेटर लागला, पण तळाला पंप सांभाळणाऱ्या दाजी मेस्त्रींनी ते हाताने सुरू केले, आणि तेही वयाच्या क्रमाने. सर्वांत जुना आधी. ज्येष्ठाचा मान! कोणतं यंत्र केव्हा उठायचं ते ठरवणारा क्रमनियंत्रक त्यांनी सकाळीच बंद करून ठेवला होता. पूजेच्या दिवशी एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम सोडायचा नाही म्हणे. तीन लहान पंप उठले. चौथा, सर्वांत नवा आणि सर्वांत मोठा, नुसता घुमला आणि बसला.

"तीन चालतात, मग चौथ्याला काय धाड भरली?" वरच्या नियंत्रण कक्षात लिफ्टचे अभियंते फर्नांडिस यांनी शर्वरीला विचारलं.

"मोटर चालताना बेताने खाते, उठताना हावरटासारखी," शर्वरी म्हणाली. "चौथ्याला चालायला एकशेवीस किलोवॅट पुरतात, उठायला तीनशे लागतात. मी जनरेटर निवडला तो सर्वांत मोठा पंप आधी उठेल या भरवशावर. आता तिघं पानावर बसून राहिलेत आणि शिल्लक आहेत फक्त एकशेतीस."

"मग तिघांना उठव पानावरून."

"नुकतीच उठून तापलेली मोटर लगेच थांबवली की पंधरा मिनिटं परत उठत नाही. आणि चौथ्या एकट्याला पाणी आवरायचं नाही."

जिन्याचा खालचा दरवाजा खोलगट जागी होता, तो आधीच बुडाला होता. उरल्या दोन लिफ्ट : एक तळाला, एक वर. फर्नांडिस पडद्याकडे बघत राहिले.

"माझ्या लिफ्टमध्ये पन्नास माणसं मावतात," ते म्हणाले. "दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार आहे, डबा अधिक पंचवीस माणसांइतका. डबा रिकामा वर आला तर प्रतिभारच त्याला ओढतो. मोटर वीज खात नाही, उलट देते. परतवीज. पंच्याऐंशी किलोवॅट, चाळीस सेकंद."

"मला एकशेसत्तर हवेत. वरच्या लिफ्टचं काय?"

"ती वीज देईल, पण…" फर्नांडिस थांबले. "खाली जाताना देईल. आणि गच्च भरलेली असली तरच."

फोन वाजला. आई होती. "शरू, दाजी म्हणतात, लिफ्ट अर्धी भरली की वीज लागत नाही. पंचवीस जण बसलोय बघ. मलाही जागा दिलीय."

दाजींचं बरोबर होतं. पंचवीस माणसं आरामात वर आली असती, आईसुद्धा. मग तीच लिफ्ट पुन्हा खाली न्यायची तर जड प्रतिभार उचलायला मोटरला उठतानाच एकशेतीसच्या वर वीज लागली असती आणि तेवढी शिल्लक नव्हती. मागे राहिले असते एकशेपंचाहत्तर.

"आई, बाहेर पड. सगळ्यांना बाहेर काढ. लिफ्ट रिकामी वर पाठवायची."

"रिकामी? अगो, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"रिकामी आली तरच पंप उठेल."

मग आई म्हणाली, "बरं. मी आधी उतरते. म्हणजे बाकीचे ऐकतील."

वरच्या दालनात प्रसादाच्या रांगेत माणसं होती. शर्वरीने त्यांना सरळ सांगून टाकलं. एक पांढऱ्या सदऱ्याचे गृहस्थ भडकले. "आम्ही इथे सुखरूप, आणि तुम्ही म्हणता खाली बुडायला चला?"

"बुडायला नाही, वजन द्यायला. एक माणूस म्हणजे जवळपास साडेतीन किलोवॅट."

"आणि पंप नाही उठला तर?"

"तर आपणही खाली असू," शर्वरी म्हणाली. तिला खोटं बोलता आलं नाही.

कुणी हललं नाही. मग एक म्हातारी पुढे झाली. तिचे यजमान आरतीसाठी खाली गेले होते. तिच्यामागे तिची सून गेली, मग प्रसाद वाटणारे दोघं. पांढऱ्या सदऱ्याच्या गृहस्थांनी "मरू दे च्यायला" म्हणून चपला बाहेर काढल्या आणि मग आठवण होऊन पुन्हा घातल्या, वजन म्हणून. फर्नांडिस शिरले. भारदर्शकाचा काटा पूर्ण भाराच्या खुणेच्या जरासाच अलीकडे थांबला. बाहेर उरली होती एकटी शर्वरी.

तिने क्रमनियंत्रक पुन्हा चालू करून त्याला सूचना दिली : दोन्ही लिफ्ट एकदम, दहाव्या सेकंदाला चौथा पंप. आता बटण दाबायला कुणी उरायची गरज नव्हती. ती आत शिरली. काटा खुणेला टेकला.

दार मिटलं. लिफ्ट खाली सुटली. सात, आठ, नऊ, दहा. दिवे मंद झाले, इतके की शेजाऱ्याचा चेहरा दिसेना. कुणीतरी रामरक्षा सुरू केली. मग खालून घुमणं ऐकू आलं, अडखळलं, पुन्हा चढलं, आणि दिवे लख्ख लागले. चौथा पंप उठला होता! पन्नास माणसं एकदम ओरडली.

दार उघडलं तेव्हा पाणी घोट्याला होतं. समोरच आई उभी होती, वडे-उसळीचा डबा छातीशी धरून.

"अगो, वर सुखरूप होतीस ना! खाली कशाला आलीस?"

"वजन कमी पडत होतं, आई."

आईने तिला नखशिखांत पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंसुद्धा नाही.

"पडणारच! इतकी वर्षं सांगतेय, पोटभर जेवत जा म्हणून." आणि तिथेच, पाण्यात उभं राहून, तिने डब्याचं झाकण काढलं.