धाकटीची तारीख

तीस वर्षं छापखान्यात इतरांच्या चुका शोधून निवृत्त झालेल्या बाईंच्या स्वतःच्याच पासपोर्टवर चूक निघाली. कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण अर्ज त्यांनीच भरला होता. जन्मतारखेच्या रकान्यात त्यांनी धाकट्या बहिणीची तारीख लिहिली होती. लक्षात आलं तोवर तिकीट निघालं होतं, आणि परदेशातल्या लेकीला नववा लागला होता. दुरुस्तीला दोन महिने लागणार होते. बाई तशाच निघाल्या.

धाकटीबद्दल लेकीला काहीच ठाऊक नव्हतं. सहा वर्षांची असताना ती स्टेशनवरच्या गर्दीत हरवली, ती हरवलीच. "हात सुटला," असं दहा वर्षांच्या बाईंनी घरी सांगितलं होतं. हात सुटला नव्हता. सारखी रडते म्हणून वैतागून त्यांनीच तो झिडकारला होता, आणि मागे वळून पाहिलं नव्हतं.

तिथल्या विमानतळावर उतरल्यावरची रांग तासभर सरकत होती. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, मग समोरच्या संगणकाचा पडदा, मग बाईंकडे.

"तुम्ही सकाळीच आत गेलात."

"मी आत्ता उतरतेय."

"शिक्का मीच मारलाय." त्याने पान उघडून दाखवलं. निळा शिक्का, आजचाच. शाई अजून ओलसर होती. "सोबत मोठं कुणी नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं," असं म्हणून तो स्वतःच्याच बोलण्याने गोंधळल्यासारखा थांबला.

मागे कुणीतरी खाकरलं.

"जन्मतारीख तुमचीच ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"माझीच," बाई म्हणाल्या. पन्नास वर्षांपूर्वीइतकंच सहज. कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मान खाली घातली ती बाहेर येईपर्यंत वर केली नाही.

बाहेर लेक गाडीपाशी पोट सावरत उभी होती.

"आई, सख्खी बहीण आहे तुला, आणि कधी बोलली नाहीस?"

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. सकाळपासून माझ्याजवळ आहे. म्हणाली, गर्दीत हात सुटला, ताईची काही चूक नव्हती."

"कुठंय ती?" बाईंचा आवाज चढला.

"दमून झोपलीय गाडीत. हळू बोल."

लेकीने आवाज न करता मागचं दार उघडलं.

सीट रिकामी होती.

पट्टा मात्र लावलेला होता, लहान मुलीच्या अंगाला बसेल इतका आवळून. आणि तो संथपणे वर-खाली होत होता.