उष्टी चव

छेंगदूच्या उद्यानातले चहावाले लांब तोटीच्या किटलीतून उकळत्या पाण्याची धार सोडत होते आणि बांबूच्या खुर्चीत बसलेला निरंजन आठल्ये रिकाम्या तोंडाने बदक चघळत होता.

"छान मुरलंय," तो म्हणाला.

त्याची बायको केतकी सांगलीतली दंतवैद्य. ज्याच्या घरात कधी अंडंही फुटलं नाही, त्या माणसाचे हलणारे गाल बघून तिला कसंतरीच झालं. "अरे, घरी काय सांगशील?"

"खाल्लंय कुठे? चव घेतली फक्त."

हीच तर चवसहल होती. जिभेवर पातळ, पारदर्शक चवपट्टी चिकटवायची. शहरात कुठेतरी एक 'चाखणारा' खरा पदार्थ खातो. त्याच्या जिभेकडून मेंदूकडे निघालेले संदेश टिपले जातात आणि जसेच्या तसे पाहुण्याच्या जिभेवर उमटतात. पोटात काहीच जात नाही. मधुमेही निरंजनला हे वरदानच वाटत होतं. केतकीनेही पट्टी लावली होती. मांस आलं की ती मनगटावरचं बटण दाबून बंद करायची.

"चव साठवून का नाही ठेवत?" तिने लिन नावाच्या वाटाड्या मुलीला विचारलं.

लिनच्या कॉलरवरचा यांत्रिक दुभाष्या शुद्ध पुस्तकी मराठीत बोलला, "साठवलेली चव शिळी लागते, महोदया. आमची चव ताजी असते."

मग मंदिर झालं, लाल कंदिलांचा जुना बोळ झाला, लांब चिमट्यांनी गिऱ्हाइकांचे कान कोरणारे कारागीर बघून झाले. दर थांब्याला नवी चव येई. दुपारपर्यंत सहलीतली मंडळी चार लग्नांच्या पंगती जेवली होती आणि तरी कोणाचंच पोट भरलं नव्हतं. सगळे आणखी मागत होते.

संध्याकाळी लिनने त्यांना एका मोठ्या जेवणघरात टेकवलं. आल्याच्या पाकातले, तीळ भरलेले तांदळाचे गोळे जिभेवर उतरले. केतकीने डोळे मिटले. आणि त्या गोडातूनच आंबट, कडू, जळजळीत असं काहीतरी वर आलं. सगळे रुमालात थुंकू लागले.

"संपर्कात अडथळा आला," लिन घाईने म्हणाली.

पण आजारपणात प्रत्येकाने ती चव चाखलेली असते. ती ओकारीची होती.

केतकी चूळ भरायला आतल्या बाजूला गेली. बेसिनपाशी एक तिशीतली बाई गुळण्या करत होती. तिच्या कानांमागे, जबड्याखाली छोट्या चकत्या चिकटवल्या होत्या आणि त्यांच्या तारा गळ्यात लोंबत होत्या. केतकीच्या मनगटावरचं बटण दिसताच ती बिचकली आणि भराभर काही बोलली. केतकीचा फोन दुभाष्या झाला.

"माफ करा. उलटीआधी संपर्क तोडायचा असतो. आज बटणापर्यंत हात पोचला नाही."

"म्हणजे हे रोजचंच?"

"पोटात जागा करावी लागते. नाहीतर रात्रीच्या पाहुण्यांसाठी कसं खाणार?" ती ओशाळं हसली. केतकीला तिचे वरचे दात दिसले. आम्लाने झिजून त्यांच्या कडा काचेसारख्या आरपार झाल्या होत्या. "गोळे आवडले का? तुमच्यासाठी हळू चावले होते."

कोणी तोंड लावलेला तांब्या घासल्याशिवाय न वापरणारी केतकी दिवसभर दुसऱ्याच्या तोंडातलं चाखत होती. आणि किळस त्या बाईची नव्हती. तिने नखाने पट्टी खरवडून काढली, कचऱ्यात टाकली आणि आरशाकडे न बघता बाहेर आली.

तिने निरंजनला सगळं सांगितलं. मग त्याने लिनला विचारलं, "आम्ही पट्ट्या काढल्या तर ती थांबेल?"

"नाही. तीच चव इतर पाहुण्यांकडेही जाते," लिन म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "पाहुणे घटले, तर मात्र पहिल्यांदा तिलाच घरी पाठवतील."

निरंजनची बोटं ओठांपर्यंत गेली आणि परत खाली आली. "मग काढून तरी काय उपयोग?" त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचे गाल पुन्हा हलू लागले.

"काय आलं?" केतकीच्या तोंडून निघून गेलं.

"गोड भात. सुकामेवा घातलेला." त्याने आवंढा गिळला. "अगदी हळू चावतेय गं."

केतकीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला तिथेच थुंकावंसं वाटलं. पण थुंकून नेमकं काय बाहेर पडणार होतं?